घरच्या घरी गळाची काठी: कड्या, दोरा आणि चार दिवस चिकट राहिलेलं इपॉक्सी

निवांत_बगळा

गेली बारा-तेरा वर्षं तयार काठ्याच वापरतोय. एक गाडीच्या दारात मोडली, एक माझ्या मूर्खपणाने. तिसरीच्या टोकाची कडी निखळली. ती परत बसवायला काठी मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिलं की ही वस्तू आहे तरी काय. टोकाकडे निमुळती होत गेलेली पोकळ नळी, तिच्यावर मूठ, रीळ बसवायची जागा आणि सात-आठ कड्या. कड्या कशाने धरल्यात? तर दोऱ्याने! खिळा नाही, स्क्रू नाही. नुसता दोरा गुंडाळलाय आणि वरून पारदर्शक लेप. म्हटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

जमलं की नाही ते खाली येतंच आहे.

कोरी दांडी (सगळे ब्लँक म्हणतात, मीही तेच म्हणतो) कार्बनची घेतली. सात फुटी, दोन तुकड्यांची, ८ ते १२ पौंडी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि ७ ते २१ ग्रॅमचं आमिष झेपेल अशी. ताकद आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. ताकद म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. वाक म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट काठी वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच वाकते, स्लो काठी पार मुठीपर्यंत वाकत येते. मी मधली घेतली, कारण ठरवता येईना.

मुठीसाठी बुचाच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या. आटे पाडलेल्या गजावर ओवल्या, मध्ये गोंद, दोन्हीकडून नट आवळले. गजाला आधी मेण चोळलं होतं, नाहीतर गजही मुठीचाच भाग झाला असता. दुसऱ्या दिवशी गज ड्रिलमध्ये धरला आणि पॉलिश पेपरने घासत बसलो. ८० नंबरने सुरुवात, ४०० ला शेवट. घरभर बुचाचा भुसा, त्याबद्दल घरच्यांचं मत इथे लिहीत नाही. पण मूठ सुरेख झाली. बुचाला जिथे नैसर्गिक भोकं होती तिथे तोच भुसा गोंदात कालवून भरला.

आता आतलं भोक. ब्लँक निमुळता, म्हणून भोकही निमुळतं हवं. जुन्या मोडक्या काठीच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून थोडं थोडं पोखरायचं, घालून बघायचं, परत पोखरायचं. पुढच्या मुठीला घाई केली, भोक सैल झालं. मग तिथे टेपच्या गुंडाळ्या.

रीळ-सीटचं (म्हणजे रीळ बसवायच्या जागेचं) भोक तर नेहमीच मोठं असतं. ती फट मास्किंग टेपने भरतात, पण सलग नाही. पट्टे-पट्टे गुंडाळायचे, मध्ये जागा सोडायची, म्हणजे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, लेपही त्याचाच) थेट ब्लँकपासून सीटपर्यंत पोचतं. अगदी कडेला टेप येऊ द्यायचा नाही. तिथून पाणी शिरलं की टेप मऊ पडतो आणि एक दिवस सीट हातात गोल फिरायला लागते.

कड्या सात, शिवाय टोकाची एक. ढोबळ हिशेब असा की जितके फूट तितक्या कड्या, टोकाची वेगळी. रिळाजवळची २५ मिमीची, मग १६, १०, ८ आणि पुढे तीन ६ च्या. स्पिनिंग रिळावरून (काठीच्या खालच्या अंगाला बसतं ते) तंगूस वेटोळी घेत सुटतो. मोठ्या कडीने ती वेटोळी गोळा करायची, पुढच्यांनी आवळत न्यायची. अंतरं एका तक्त्यावरून घेतली, टोकापासून पहिली कडी साडेचार इंचांवर आणि पुढे वाढत वाढत.

दोरा पिवळा निवडला होता. काळ्या ब्लँकवर पिवळा, काय दिसेल! लेप दिल्यावर पिवळा गायब. दोरा भिजल्यासारखा पारदर्शक झाला आणि खालचा काळा ब्लँक दिसायला लागला. दोऱ्याखाली दबलेले कडीचे धातूचे पायसुद्धा दिसतात.

ते एक वेळ चालेल. खरं दुखणं पुढे आहे. लेप देऊन आज चौथा दिवस आणि अजून बोटाला चिकटतो. नख लावलं तर खूण उठते. काय करू? सगळं उकलावं लागेल का? फोटो टाकायची लाज वाटतेय.

प्रतिसाद

खंड्या

भारी उद्योग! पण तू कणा शोधलास का? लेखात कुठेच उल्लेख नाही. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड पोलादी गजाभोवती गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात, भट्टीत भाजतात आणि गज ओढून काढतात. कापडाची कड एकावर एक येते तिथे ब्लँक जरा ताठ असतो. तोच त्याचा कणा. ब्लँकचं बूड गुळगुळीत टेबलावर टेकवायचं, टोक एका तळव्यावर धरायचं आणि दुसऱ्या हाताने मध्ये दाबायचं. ब्लँक आपोआप फिरून एका बाजूवर स्थिरावतो. कड्या त्या रेषेला धरूनच बसवायच्या. नाहीतर मासा ओढताना काठी हातात पिळवटते. मी हे पाहिल्याशिवाय एकही काठी बांधत नाही.

पाणकावळा

इपॉक्सी कसं मोजलंत?

निवांत_बगळा

चमच्याने. दोन्ही भाग सारखे दिसत होते.

पाणकावळा

"दिसत होते" :)

कानस_काका

बगळेबुवा, उकलू नका. काही बिघडलेलं नाही, म्हणजे बिघडलंय पण दुरुस्त होण्यासारखं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दोन भागांचं इपॉक्सी वाळत नाही. रंगातला थिनर उडून जातो तसं इथे काहीच उडत नाही. राळ आणि हार्डनर एकमेकांत गुंतून घट्ट होतात. ज्याला जोडीदार मिळाला नाही तो भाग तसाच चिकट राहतो, मग चार दिवस थांबा की चार महिने. आणि चिकट आहे म्हणून वरून नुसता हार्डनर चोपडू नका. मी एकदा तो उद्योग केलाय, परिणाम सांगण्यासारखा नाही.

चमचा विसरा. दोन सिरिंजा घ्या, एकीवर खूण करा, आणि एकीचा माल दुसरीत कधी जाऊ देऊ नका. बाटलीवर "आकारमानाने समान" लिहिलं असेल तर मिलिलिटरने मोजा, वजनाने नाही, कारण दोन्हींची घनता वेगळी असते. लेपाला लागतं अगदी थोडं, तरी प्रत्येकी ३ मिलिपेक्षा कमी घेऊ नका. एक-एक मिली घेतलं आणि पाव मिलीची चूक झाली तर प्रमाणाचे बारा वाजले. तीनमध्ये तीच चूक पचून जाते. उरलेलं फेकायचं, जीव जळला तरी.

तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. भराभर फेटलंत तर बुडबुडेच फेटाल. मग कपात ठेवू नका, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओता. कपात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि लवकर घट्ट होतं. फॉइलवर पसरलं की उष्णता निघून जाते, काम करायला वेळ मिळतो आणि बुडबुडे वर येऊन फुटतात. राहिलेच तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झरकन फिरवा. फुंकर मारू नका, श्वासात ओल असते.

आता तुमचा इलाज. लेप नुसता चिकट असेल, ओघळत नसेल, तर त्यावरच नीट मोजलेला दुसरा पातळ थर द्या. माझा अनुभव असा की वरचा थर घट्ट झाला की खालचं दुखणं झाकून जातं. खोली ऊबदार ठेवा, गारठ्यात इपॉक्सी आळशी होतं. आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. त्वचेने एकदा इपॉक्सीशी वाकडं घेतलं की ते पुढे कधी सुटत नाही.

सिरिंजबद्दल राहिलं. काहींच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं तेल असतं. ते लेपात उतरलं की लेप जागोजागी मागे सरकून गोल खड्डे पडतात. त्या खड्ड्यांना म्हणतात "माशाचा डोळा". आपल्या धंद्याला शोभेल असंच नाव, पण काठीवर नको.

अर्धवट_अभियंता

काकांशी सहमत. खंड्याशी मात्र अजिबात नाही.

कणा असतो, मान्य. पण काठी पिळवटते ती कण्यामुळे नाही. बेटकास्टिंग काठीवर रीळ आणि कड्या वरच्या अंगाला असतात, म्हणजे तंगुसाचा भार काठीच्या आसाच्या वरून जातो. मासा ओढतो खाली. मग तो भार आसाच्या खाली जायला बघणारच आणि काठीला फिरवणार. या जोरापुढे कण्याचा जोर किरकोळ. स्पिनिंगमध्ये कड्या आधीच खाली लोंबतात, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. बगळ्याची काठी स्पिनिंगची आहे, त्याने कणा शोधला नाही म्हणून आभाळ कोसळत नाही.

मी काय बघतो? ब्लँक डोळ्यासमोर धरून सरळ कुठून दिसतो ते. बहुतेक ब्लँक जरासे वाकडे असतातच. तो बाक वर-खाली येईल असा ठेवायचा, डावा-उजवा नाही. कड्यांच्या वजनाने थोडा आणखी सरळ होतो. झालं.

खंड्या

वीस काठ्या बांधल्यात. एकही पिळवटली नाही. थिअरी थिअरीच्या जागी.

अर्धवट_अभियंता

कारण वीसच्या वीस स्पिनिंगच्या असतील!

एक प्रयोग कर. उघडा ब्लँक घे, कड्या नुसत्या टेपने वरच्या बाजूला लाव, तंगूस ओवून टोकाला वजन बांध आणि बूड सैल हातात धर. कणा वर ठेव, खाली ठेव, आडवा ठेव. दर वेळी काय होतं ते इथे येऊन लिही.

खंड्या

करतो. रविवारी.

सुईदोरा

मी मासे धरत नाही, भाऊ धरतो. पण त्याच्या काठ्यांवरचा दोरा मीच गुंडाळते, भरतकामाची सवय म्हणून. त्या भागावर कुणी फारसं बोललं नाही, म्हणून लिहिते.

यंत्र लागत नाही. बुटाच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा कापायच्या, त्यांना फेल्टचा तुकडा चिकटवायचा, की काठी टेकवायला घोडा तयार. दोऱ्याची रीळ कपात ठेवायची आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांमधून काढायचा. ताण वाढवायचा तर पुस्तकावर दुसरं पुस्तक. दोरा स्थिर ठेवून काठी फिरवायची. नवशिके काठी धरून दोरा फिरवतात आणि मग दमतात.

ताण किती? बांधून झाल्यावर कडी अंगठ्याने किंचित सरकवता आली पाहिजे, पण आपोआप सरकता कामा नये. कडी नेमकी एका रेषेत शेवटीच येते, त्यासाठी ही सवड लागते. पार करकचून बांधलं तर कडीच्या पायाची धार ब्लँकमध्ये रुतते. म्हणून त्याआधी पायाची टोकं कानशीने इतकी पातळ करायची की दोरा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी जाणवू नये. पायरी राहिली की तिथे बारीक फट पडते आणि लेपाचा बुडबुडा नेमका तिथेच बसतो.

शेवट करताना पाच-सहा वेढे उरले की दोऱ्याचाच एक दुमडलेला फास वेढ्यांखाली घालायचा. वेढे पूर्ण करायचे, दोऱ्याचं टोक फासात घालायचं आणि फास ओढायचा. टोक आत ओढलं जातं. गाठ नाही. मग गुळगुळीत दांडीने वेढे घासून घ्यायचे, फटी मिटतात. आणि लेप देण्याआधी दोऱ्याला उगाच बोटं लावायची नाहीत, हाताचा तेलकटपणा उमटतो.

रंगाचं म्हणाल तर साधा नायलॉन दोरा इपॉक्सी प्यायला की पारदर्शक होतोच. हलके रंग आधी जातात, पांढरा जवळजवळ नाहीसाच होतो. रंग हवा असेल तर आधी रंग राखणारं द्रावण लावून पूर्ण वाळवायचं, किंवा मुळातच तसा प्रक्रिया केलेला दोरा घ्यायचा. पण मग इपॉक्सी दोऱ्याच्या आतपर्यंत मुरत नाही. भावाच्या काठ्यांना मी गडद रंगाचा साधा दोराच वापरते. बारीक, "ए" मापाचा. जाड "डी" दोरा मोठ्या समुद्री काठ्यांना.

निवांत_बगळा

सुईदोराताई, दंडवत! फास घालायचा प्रकार मी असाच केला, पण सतरा वेळा चुकून. पायरीचं वाचून आत्ता भिंग घेऊन पाहिलं. प्रत्येक कडीला एक बुडबुडा आहे. नेमका तिथेच.

मी_फक्त_वाचतो

वाखुसा (वाचनखूण साठवली). पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. लेप देताना काठी सतत फिरती ठेवावी लागते ना? जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर चालेल का? घरात एक बंद पडलेला पडून आहे.

अर्धवट_अभियंता

मोटर उत्तम. मिनिटाला पाच-सहा फेरे, याहून चांगलं काय! पण मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार धरून असू शकतो. सुटी मोटर मिळते, ती घ्या.

कानस_काका

मोटर नसली तरी अडत नाही. मी पहिल्या काही काठ्या हातानेच फिरवल्या. पहिला तास दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा फेरा, मग दर दहा मिनिटांनी, लेप जागचा हलेनासा होईपर्यंत. चार-पाच तास जातात. शेजारी वाचायला काहीतरी ठेवा आणि घड्याळात गजर लावा, कारण डुलकी लागते आणि लेपाच्या पोटाखाली थेंब लोंबतो. लागलेली आहे.

ऐनवेळी

प्रश्न आगाऊ वाटेल, पण एवढं करून स्वस्तात पडतं का?

पाणकावळा

नाही.

कानस_काका

नाही. सुट्या वस्तू तयार काठीपेक्षा महागच पडतात, पहिल्या काठीला तर नक्कीच. पण मुठीची लांबी आपल्या कोपराच्या मापाची मिळते. तयार काठीची मागची मूठ माझ्या जॅकेटमध्ये अडकायची, दीड इंच कमी केली आणि सुटलो. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांना जाड मूठ लागते, ती कोण करून देणार?

ऐनवेळी

पटलं. मग बांबूचं काय? कार्बनच कशाला, आपण बांबूचीच करू.

कानस_काका

करा की! पण नुसता बांबू तोडून नव्हे. चिरलेल्या बांबूची काठी म्हणजे सहा पट्ट्या, प्रत्येकीचा छेद ६० अंशांचा त्रिकोण, आणि सहा मिळून षट्कोन. पट्ट्या टोकाकडे निमुळत्या रंधायच्या, इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने. रंधायला पोलादी साचा लागतो. बांबूची पेरं एकमेकींसमोर येणार नाहीत अशी पट्ट्यांची मांडणी करायची, कारण काठी पेरापाशीच कच्ची. त्याला लागतो तो टोंकिन बांबू दक्षिण चीनमधला, त्याचे बाहेरचे तंतू फार दाट असतात. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तिकडच्या काठीवाल्यांचा बांबूच आटला. फायबरग्लास तोवर हाताशी आलंच होतं, त्याने बाजार धरला. मग १९७० च्या दशकात कार्बन आला. बांबूची काठी आजही जिवंत वाटते हातात. मी एक केली. एकच.

पाणकावळा

कार्बनवरून आठवलं, हे आधीच लिहायला हवं होतं. कार्बन विजेचा वाहक आहे. वरून तारा जात असतील तिथे काठी उभी धरून चालू नका आणि ढग गडगडायला लागले की काठी आडवी करून पाण्यापासून दूर व्हा. दुसरं, ब्लँक कापायचाच असेल तर कापायच्या जागी टेप गुंडाळा आणि बारीक कानशीने किंवा छोट्या घासचक्रीने कापा. साध्या करवतीने तंतू फाटतात. तोंडाला मास्क हवाच, ती काळी धूळ छातीत जायला नको.

कानस_काका

बगळेबुवा, इपॉक्सीच्या गडबडीत मुख्य प्रश्न विचारायचा राहिला. दोरा गुंडाळण्याआधी काठीला भार देऊन पाहिलात का?

निवांत_बगळा

नाही. तक्त्याप्रमाणे लावल्या म्हटलं ना!

कानस_काका

तक्ता ज्याने काढला त्याचा ब्लँक तुमच्या हातात नाही. प्रत्येक ब्लँक आपल्या जागी वाकतो. आता असं करा. दुसरा थर घट्ट झाला की मूठ एका ठिकाणी घट्ट बांधा, तंगूस सगळ्या कड्यांतून ओवा आणि टोकाला पाण्याची बाटली लटकवा. काठी मासा ओढतोय इतकी वाकेपर्यंत बाटलीत पाणी भरत जा. मग बाजूने पाहा. तंगूस काठीच्या बाकाबरोबर सावकाश वळत गेला तर ठीक. एखाद्या कडीवर कोपरा करत असेल तर सगळा भार त्या एका जागी पडतोय.

निवांत_बगळा

सहा दिवसांनी लिहितोय, त्याबद्दल क्षमस्व.

दुसरा थर सिरिंजने मोजून दिला, प्रत्येकी ३ मिली. चार मिनिटं ढवळलं, फॉइलवर ओतलं. घड्याळात गजर लावून हाताने फिरवत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी काचेसारखा टणक! काका, तुमच्या पाया पडायचे आहेत.

मग बाटली लटकवली. आणि तो आनंद संपला. काठी झकास वाकते, पण टोकापासून चौथ्या कडीवर तंगूस चक्क कोपरा करतो. तिच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे तो काठीपासून लांब ताणलेला, आणि त्या एका कडीपाशी वाकडा. भिंतीवर सावली पाडून पेन्सिलने गिरवलं तेव्हा आणखी स्पष्ट दिसलं. टोकाच्या तीन कड्या मात्र बरोबर आहेत.

म्हणजे दोन कड्या काढाव्या लागणार, चौथी आणि पाचवी. इतका छान जमलेला लेप!

सुईदोरा

वाईट वाटलं हो. पण दोनच ना. ब्लेड कुठे चालवता तेवढं सांभाळा. ब्लँकवर कधीच नाही. कडीच्या धातूच्या पायावर जो दोरा आहे तिथेच, पायाच्या लांबीने, वरच्यावर चिरायचं. कार्बनवर एक ओरखडा गेला तरी काठी पुढे तिथूनच मोडते.

कानस_काका

आधी हेअर ड्रायरने लेप कोमट करा, मऊ पडतो. चटका बसेल इतका तापवू नका, ब्लँकमधली राळही शेवटी राळच आहे. दोरा चिरला की कडी निघेल आणि उरलेला दोरा सुरवंटासारखा सोलून निघेल. ब्लँकवर उरलेला लेप नखाने काढा, फार तर प्लॅस्टिकच्या पट्टीने.

आणि या वेळी आधी रबराच्या बारीक रिंगांनी कड्या लावा. बाटली लटकवा, सरकवा, परत बघा. समाधान झालं की पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा आणि मगच दोरा.

निवांत_बगळा

काढल्या. घाम फुटला. एका जागी ब्लेड पायावरून घसरलं, पण नशिबाने दोऱ्यातच राहिलं.

रबरी रिंगांवर तासभर सरकवासरकवी केली. चौथी पाऊण इंच टोकाकडे आली, पाचवी त्याच दिशेने अर्धा इंच. एवढंच! पण सावलीत बघितलं तर कोपरा गेला, तंगूस काठीबरोबर वळतोय. पाऊण इंचासाठी एवढा फरक पडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

या वेळी पाय कानशीने पातळ केले आणि गडद हिरवा दोरा घेतला. बाकीचा दोरा बेपत्ता पिवळा, या दोन कड्यांचा हिरवा. विचित्र दिसतंय, राहू दे. आणि हो, सगळं झाल्यावर खिशात एक शोभेची कडी सापडली. ती पुढच्या मुठीच्या तोंडाशी बसवायची होती, आणि ती टोकाकडूनच सरकवावी लागते. आता ती किल्ल्यांच्या जुडग्यात.

पाणकावळा

ती कडी प्रत्येकाच्या जुडग्यात असते. टोकाची कडी कशाने चिकटवली?

निवांत_बगळा

इपॉक्सीनेच.

पाणकावळा

पुढच्या वेळी गरम वितळणाऱ्या गोंदाने. टोकाची कडीच सर्वांत आधी तुटते. त्या गोंदाला जरा ऊब दिली की कडी निघते आणि दुसरी बसते. तुझी काढताना टोक भाजावं लागेल.

निवांत_बगळा

हे आधी सांगायचं ना, राव!

काल पहाटे पाण्यावर गेलो. पहिली फेक हातभर वाकडी गेली, ती माझी सवय आहे, काठीचा दोष नाही. तिसऱ्या-चौथ्या फेकीपासून तंगूस कड्यांतून काही न अडखळता सुटला, नेहमीची ती खरखर नाही. आमिष तळाच्या दगडांवरून ओढताना एकेक दगड मुठीत कळत होता. तीन तासांत एक मासा, वीतभर. काठी त्याच्यासाठी फारच मोठी होती. सोडून दिला.

मी_फक्त_वाचतो

सुटी मोटर आली. ब्लँक मागवलाय. मोडला तर इथेच येऊन रडेन.

खंड्या

प्रयोग केला. रविवारी नाही जमला, आज केला. कड्या टेपने वर लावल्या, टोकाला वजन बांधलं, बूड सैल धरलं. कणा वर, फिरली. कणा खाली, फिरली. आडवा ठेवला, तरी फिरली. दर वेळी कड्या खाली गेल्या आणि मग काठी गप्प.

आणि हो, वीसपैकी अठरा स्पिनिंगच्या आहेत. मोजल्या.

पुढच्या काठीचाही कणा मी बघणारच. सवय आहे.

अर्धवट_अभियंता

बघ. बाक पण बघ.